फ्यूजन म्हणजे नेमकं काय हो? लेक सहा आठवड्यांसाठी आयपीआरला चाललीये

बडोद्याची_आई · शनिवार, रात्री ९:४०

नमस्कार सगळ्यांना. एरवी मी रेसिपीच्या नाहीतर भाड्याच्या घरांच्या धाग्यांवर असते, विज्ञानाच्या बाजूला पहिल्यांदाच लिहितेय. माझी लेक एम.एस. युनिव्हर्सिटीत एमेस्सी फिजिक्सच्या पहिल्या वर्षाला आहे, तिला उन्हाळ्यात सहा आठवड्यांचा प्रोजेक्ट मिळालाय, गांधीनगरजवळ भाट गावात प्लाझ्मा रिसर्चची संस्था आहे ना, आयपीआर, तिथे. घरात आनंद आहेच पण प्रश्नही सुरू झालेत. सासूबाई ८१ वर्षांच्या, पेपर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचतात, त्यांनी विचारलं "अणूचं म्हणजे बाँबचंच ना गं?" लेक म्हणाली आजी इथे अणू तोडत नाहीत, जोडतात, सूर्यात होतं तसं. त्यावर त्या म्हणाल्या सूर्य तर आपोआप जळतोय, मग ह्या लोकांना इतकी वर्षं का जमेना. लेक गप्प झाली. तिला येतं सगळं, पण आजीला कळेल असं सांगता येईना.

आणि खरं सांगू का, मलाही तेच विचारायचंय. तिथे रेडिएशनची भीती कितपत असते, हे एवढं अवघड का आहे, आणि तिला पुढे ह्यातच पीएचडी करायचीये तर त्यात आयुष्य घालावं इतकं ते खरं आहे का. हा शेवटचा प्रश्न मी तिला विचारू शकत नाही, तिच्या चेहऱ्यावरचा आनंद बघितला की तोंडातून शब्द निघत नाही, म्हणून इथे विचारतेय.

प्लाझ्मा_प्रेमी · शनिवार, रात्री १०:५५

ताई, आधी लेकीचं मनापासून अभिनंदन. मी कॉलेजात फिजिक्स शिकवतो, आणि तुमच्या सासूबाईंचा प्रश्न माझ्या वर्गात एकाही मुलाने इतका नेमका विचारलेला नाही.

सूर्य जळतो हे खरं पण तो फार फार हळू जळतो. त्याच्या गाभ्यात तापमान साधारण दीड कोटी अंश, दर सेकंदाला ६० कोटी टनांच्या आसपास हायड्रोजनचं हेलियम होतं आणि त्यातलं चाळीसेक लाख टन वस्तुमान ऊर्जा होऊन निघून जातं, हे आकडे ऐकून डोळे विस्फारतात. पण हीच ऊर्जा गाभ्याच्या आकाराने भागली तर एका घनमीटरमागे तीनशे वॅटही येत नाहीत. पूर्वी घरात पिवळे बल्ब असायचे ना, ते तीन लावले तर जेवढं तेवढं! एका प्रोटॉनला दुसऱ्या प्रोटॉनशी जुळायला सरासरी अब्जावधी वर्षं थांबावं लागतं. सूर्याला ते परवडतं कारण तो अवाढव्य आहे, त्याचं वजनच सगळं दाबून धरतं आणि त्याला घाई नाही. आपल्याला एका इमारतीत मावेल एवढ्या यंत्रात, आपल्या हयातीत वीज हवीये. म्हणून 'पृथ्वीवर सूर्य' हे पेपरातलं वाक्य मला पटत नाही, सूर्याची नक्कल करून आपलं भागणारच नाही, त्याच्यापेक्षा कितीतरी जलद काहीतरी करावं लागतं.

मग इंधन बदलायचं. हायड्रोजनची दोन जड भावंडं आहेत, ड्यूटेरियम आणि ट्रिटियम, ही दोघं त्यामानाने लवकर जुळतात. जुळली की हेलियमचा अणुगर्भ आणि एक न्यूट्रॉन निघतो आणि १७.६ एमईव्ही (अणूंच्या पातळीवरची ऊर्जा मोजायचं एकक) ऊर्जा मिळते, त्यातली १४.१ न्यूट्रॉन घेऊन जातो आणि ३.५ हेलियमकडे राहते. ही वाटणी लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल. घरगुती हिशोबात सांगायचं तर ह्या मिश्रणाचा एक ग्रॅम पूर्ण वापरला तर साधारण आठ टन खनिज तेलाएवढी उष्णता. कोयलीच्या रिफायनरीबाहेर छोटे टँकर उभे असतात, त्यातला एक डोळ्यासमोर आणा आणि शेजारी चिमूटभर गॅस.

अडचण अशी की दोन्ही गर्भ धन भाराचे, जवळ आणले की एकमेकांना ढकलतात. ते भिडावेत म्हणून प्रचंड वेगाने पळवायचे, म्हणजेच तापवायचे, सुमारे १५ कोटी अंश, सूर्याच्या गाभ्याच्या दहापट. ह्या तापमानाला इलेक्ट्रॉन सुटे, गर्भ सुटे, तोच प्लाझ्मा. आता १५ कोटी अंशांची वस्तू ठेवायची कशात? माझ्या मते सगळा विषय ह्या एका प्रश्नाभोवती फिरतो. तापवणं आपण शिकलो, धरून ठेवणं अजून पूर्ण जमलेलं नाही.

आणि आजींना सांगा, बाँबसारखं होत नाही. युरेनियमचा एक अणू फुटला की दुसऱ्याला फोडतो, साखळी लागते. इथे साखळी नाही. कुठल्याही क्षणी यंत्राच्या आत इंधन असतं ते जेमतेम ग्रॅमभर, आणि भिंतीला लागलं, गॅस बंद केला, चुंबक बिघडला, काहीही झालं तरी ते थंड होऊन विझतं. इथे आग आटोक्याबाहेर जायची भीती नाही, ती टिकतच नाही ही खरी रड आहे.

छाणीचे_आजोबा · रविवार, सकाळी ६:२०

सुप्रभात. प्लाझ्मा_प्रेमी यांनी ड्यूटेरियमचं नाव घेतलं आणि मला राहवलं नाही. ताई, हे तुमच्या सासूबाईंना जरूर सांगा की ड्यूटेरियम काही परदेशातली वस्तू नाही, आपल्या बडोद्यात ते वेगळं काढलं जायचं. छाणीच्या बाजूला गुजरात स्टेट फर्टिलायझरला लागून हेवी वॉटरचा, म्हणजे ड्यूटेरियम असलेल्या जड पाण्याचा, प्लांट आहे, मी तिथे नोकरी केली, प्लांट ऑपरेटर होतो.

साध्या पाण्यात, आपल्या आजवा सरोवराच्या पाण्यातसुद्धा, साधारण साडेसहा हजार हायड्रोजन अणूंमागे एक अणू ड्यूटेरियमचा असतो. दिसायला वागायला सारखाच, फक्त वजन दुप्पट. तो निवडून काढायचा म्हणजे गव्हाच्या पोत्यातून एकसारखे दिसणारे पण जरा जड असलेले दाणे निवडण्यासारखं. आमच्याकडे खताच्या कारखान्यातून हायड्रोजन-नायट्रोजनचा गॅस यायचा, त्याची उंच टॉवरमध्ये द्रव अमोनियाशी गाठ घालून द्यायची, पोटॅशियम अमाइड कॅटॅलिस्ट म्हणून, तर ड्यूटेरियम त्या गॅसला सोडून हळूहळू अमोनियाकडे सरकतं. एकदा करून भागत नाही, पुन्हा पुन्हा करत एकेक पायरी चढायची. आणि ड्यूटेरियम काढून घेतलेला गॅस परत खत कारखान्याला, त्यांना काही फरक पडत नाही, त्यांचा युरिया होतोच. किती सुंदर व्यवस्था होती बघा, एकाच गॅसमधून शेतकऱ्याला खत आणि अणुभट्टीला जड पाणी.

ते जड पाणी अणुभट्ट्यांसाठी होतं, फ्यूजनसाठी नव्हे, हे स्पष्ट सांगतो. पण आम्हाला ट्रेनिंगमध्ये एका साहेबांनी सांगितलं होतं की एक घनमीटर समुद्राच्या पाण्यात ३३ ग्रॅमच्या आसपास ड्यूटेरियम असतं आणि ज्या दिवशी माणसाला ते जोडता येईल त्या दिवशी इंधनावरून भांडणं संपतील. मी पंचविशीत होतो, रात्रपाळीला टॉवरकडे बघत हे आठवायचो. तुमची लेक तिथे चाललीये हे वाचून मला फार बरं वाटलं.

मकरपुरा_वाइंडिंग · रविवार, सकाळी ११:०५

आजोबा सलाम तुम्हाला. ताई मी ट्रान्सफॉर्मरचा माणूस, मकरपुरा जीआयडीसीत २६ वर्षं वाइंडिंग आणि टेस्टिंग केलंय, फिजिक्सची पदवी नाही. पण टोकामॅकचं, म्हणजे प्लाझ्मा चुंबकांनी धरून ठेवायच्या यंत्राचं, चित्र पहिल्यांदा नीट बघितलं तेव्हा बायकोला हाक मारून सांगितलं की अगं हा तर ट्रान्सफॉर्मर आहे! आणि खरंच आहे.

मेदूवड्यासारखी पोकळ कडी, तिच्या मधल्या भोकात उभी कॉइल, ती प्रायमरी. सेकंडरी कुठाय तर कडीच्या आतला गॅस हीच सेकंडरी, एकच टर्न, स्वतःतच शॉर्ट केलेली. प्रायमरीतला करंट बदलत नेला की सेकंडरीत व्होल्टेज येतं, गॅस फुटून प्लाझ्मा होतो आणि त्यातून करंट धावायला लागतो. आयपीआरचं 'आदित्य', भारतात बनवलेलं पहिलं टोकामॅक, १९८९ मध्ये सुरू झालं, त्यात लाखाच्या आसपास अँपियर, आणि अनेक देश मिळून फ्रान्समध्ये बांधतायत त्या इटर नावाच्या मोठ्या टोकामॅकमध्ये दीड कोटी अँपियर ठरलेत. आपण शाळेत शिकलो त्या फॅरेडेच्याच नियमाने.

हा करंट दोन कामं करतो. एक म्हणजे तापवतो, आपल्या हीटरसारखा. दुसरं, त्याचं स्वतःचं चुंबकीय क्षेत्र कडीभोवती वेढे घेतं, आणि बाहेरच्या मोठ्या कॉइल्सचं क्षेत्र कडीच्या लांबीने जातं, दोन्ही मिळून दोरीला पीळ द्यावा तशी क्षेत्राच्या रेषांना पीळ बसते. ही पीळ का हवी तर नुसतं सरळ गोल क्षेत्र दिलं तर आतल्या बाजूला ते जास्त आणि बाहेरच्या बाजूला कमी पडतं, कण हळूहळू वर-खाली घसरतात आणि भिंतीला लागतात. पीळ असली की जो कण वर घसरतोय तोच फिरत फिरत खाली येतो, हिशोब बरोबर. हे रशियात टाम आणि सखारोव्ह यांनी १९५० च्या सुमारास सुचवलं, मला तर फार हुशारीचं वाटतं.

आता अडचण. तांबं तापलं की त्याचा रेझिस्टन्स वाढतो, प्लाझ्माचं उलट, जितका तापेल तितका रेझिस्टन्स पडतो, म्हणजे हीटर जितका गरम तितका निकामी. म्हणून दोन-तीन कोटी अंशांच्या पुढे मायक्रोवेव्हसारख्या लहरी सोडाव्या लागतात नाहीतर वेगवान अणूंचा झोत मारावा लागतो. आणि दुसरं, प्रायमरीचा करंट कायम वाढवत कसा नेणार? फ्लक्स, म्हणजे कॉइलचं चुंबकत्व बदलत न्यायची मर्यादा, संपला की सेकंडरीचं व्होल्टेज गेलं. त्यामुळे टोकामॅक सलग नाही, शॉटमध्ये चालतो. तुमची लेक येऊन 'शॉट' म्हणाली तर घाबरू नका, एकेका वेळच्या चालवण्याला ते लोक शॉट म्हणतात. आदित्यचा शॉट शे-दोनशे मिलिसेकंदांचा, डोळ्याची पापणी लवायच्या आत संपतो.

उन्हाळी_छत · रविवार, दुपारी ३:३०

सगळं वाचलं, आजोबांची पोस्ट दोनदा वाचली. पण ताईंनी शेवटी जो प्रश्न विचारलाय त्याला अजून कुणी हात घातला नाही, तर मी घालतो, राग मानू नका. मी सोलरच्या धंद्यात आहे त्यामुळे माझं मत एका बाजूला झुकलेलं असेल, ते धरूनच वाचा.

१९५५ साली जिनिव्हाला अणुऊर्जेच्या शांततामय वापरावर पहिली मोठी परिषद झाली, अध्यक्ष आपले होमी भाभा. त्यांनी भाषणात सांगितलं होतं की पुढच्या दोन दशकांत फ्यूजनची ऊर्जा नियंत्रितपणे मिळवायची रीत सापडेल. दोन दशकं म्हणजे १९७५. इटरचा पहिला प्लाझ्मा २०२५ मध्ये होणार होता, २०२४ च्या जुलैत नवं वेळापत्रक आलं, प्रयोग २०३४ पासून आणि ड्यूटेरियम-ट्रिटियमचे खरे प्रयोग २०३९ पासून. तोपर्यंत ताईंची लेक चाळिशीकडे आलेली असेल. आणि इटर वीज बनवणारही नाही, ते प्रयोगाचंच यंत्र आहे. ५० मेगावॅट उष्णता प्लाझ्मात घालून ५०० मेगावॅट काढायचे हे ध्येय, पण चुंबक थंड ठेवायला, पंप चालवायला लागणारी वीज त्या ५० मध्ये धरलेलीच नाही.

दुसरीकडे आपल्या डोक्यावर फुकटचा फ्यूजन रिअ‍ॅक्टर रोज उगवतो. आपल्याच बडोद्यात नर्मदेच्या कालव्यावर १० मेगावॅटचा सोलर प्लांट २०१५ मध्ये सुरू झाला, जमीनही अडली नाही. मुलगी हुशार आहे, तिची वर्षं मोलाची आहेत. आज ज्याने घरात दिवे लागतात तिथे तिने यावं असं मला मनापासून वाटतं.

प्लाझ्मा_प्रेमी · रविवार, रात्री ९:१५

उन्हाळी_छत, राग कशाचा, तुम्ही दिलेले आकडे बरोबर आहेत. इटर उशिरा धावतंय आणि त्याने वीज मिळणार नाही, दोन्ही खरं. पण 'सत्तर वर्षांत काहीच झालं नाही' असा जो समज ह्यातून होतो तो चुकीचा आहे, तेवढं मांडू द्या.

१९५० च्या दशकात इंग्लंडमध्ये लॉसन नावाच्या इंजिनियरने हिशोब करून दाखवला की किती दाट, किती गरम आणि उष्णता किती वेळ धरून ठेवली तर घातल्यापेक्षा जास्त मिळेल. हे तिन्ही गुणून येणारा आकडा हीच ह्या क्षेत्राची फूटपट्टी. सुरुवातीच्या यंत्रांपासून आजपर्यंत तो आकडा हजारो पटींनी वाढलाय. १९६८ मध्ये रशियनांनी टी-३ ह्या टोकामॅकमध्ये कोटीच्या आसपास तापमान गाठल्याचं जाहीर केलं, पश्चिमेत कुणाचा विश्वास बसेना, तर ऐन शीतयुद्धात १९६९ मध्ये इंग्लंडच्या कलहॅमहून एक तुकडी आपला लेझर आणि उपकरणं घेऊन मॉस्कोला गेली, स्वतः मोजलं आणि सांगितलं की रशियन बरोबर आहेत. त्यानंतर जगाने टोकामॅक उचलला. विज्ञान असं चालावं असं मला नेहमी वाटतं, विश्वास नसेल तर जाऊन मोजा आणि बरोबर निघालं तर मान्य करा.

मग कलहॅमलाच जेट नावाचं यंत्र आलं. त्याच्या चुंबकांना एकदम एवढी वीज लागायची की ग्रिडला झेपेना, म्हणून प्रत्येकी ७७५ टनांची दोन फ्लायव्हील्स आधी फिरवून ठेवायचे आणि शॉटच्या वेळी त्यातून वीज ओढायचे. १९९७ मध्ये २४ मेगावॅट घालून १६ मेगावॅट फ्यूजन मिळालं. २०२३ मध्ये शेवटच्या प्रयोगांत ६९ मेगाज्यूल, तेही ०.२ मिलिग्रॅम इंधनातून, आणि त्याच वर्षअखेर ४० वर्षं चाललेलं ते यंत्र बंद झालं. अमेरिकेत वेगळ्याच वाटेने, १९२ लेझर एका बारीक गोळीवर रोखून ५ डिसेंबर २०२२ ला २.०५ मेगाज्यूल घालून ३.१५ काढले. तिथेही लेझर चालवायला ग्रिडमधून ३०० मेगाज्यूल घेतले होते, ते लपवायचं कारण नाही. पण माणसाने प्रयोगशाळेत नियंत्रितपणे, लक्ष्यावर टाकलेल्या ऊर्जेपेक्षा जास्त फ्यूजन काढल्याची ती पहिली वेळ.

आणि धरून ठेवण्याचं म्हणाल तर २०२५ च्या जानेवारीत चीनच्या 'ईस्ट' नावाच्या टोकामॅकने १०६६ सेकंद आणि फेब्रुवारीत फ्रान्सच्या 'वेस्ट' टोकामॅकने १३३७ सेकंद प्लाझ्मा टिकवला. बावीस मिनिटं! मकरपुऱ्याच्या दादांनी सांगितलेली फ्लक्स संपायची अडचण लहरी सोडून करंट चालू ठेवत एवढी मागे ढकललीये. जर्मनीतल्या ग्राइफ्सवाल्डला तर यंत्रच असं आहे की कॉइल्सच वेड्यावाकड्या वळवून पीळ दिलीये, प्लाझ्मात करंट लागतच नाही, स्टेलरेटर म्हणतात त्याला.

सोलर हवंच, आजच हवं, माझ्या छतावरही आहे. पण रात्री कारखाने चालवायचे, पावसाळ्यात आठवडा आठवडा ऊन नाही, आणि पन्नास वर्षांनी वीज आजच्या कितीतरी पट लागणार, त्यासाठी आत्ता कुणीतरी बसून हे केलं पाहिजे.

हजीरा_टू_बडोदा · सोमवार, सकाळी ८:०५

इटरचा विषय निघालाच आहे तर मी पण लिहितो, मी वेल्डिंग इन्स्पेक्शनमध्ये. इटरचं सगळ्यात बाहेरचं भांडं, क्रायोस्टॅट, आपल्या हजीऱ्याला लार्सन अँड टुब्रोच्या कारखान्यात बनलं. सुमारे ३० मीटर उंच, ३० मीटर रुंद, ३८५० टन स्टेनलेस स्टील. आख्खं न्यायचं शक्यच नव्हतं, ५४ तुकड्यांत समुद्रमार्गे फ्रान्सला गेलं आणि तिकडे साइटवर वर्कशॉप बांधून जोडलं. शेवटचे, झाकणाचे तुकडे २०२० च्या जूनअखेर कोरोनाच्या त्या काळात निघाले, आणि त्याच वर्षी मे महिन्यात तिकडे १२५० टनांचा तळ खड्ड्यात बसवला होता.

त्याचं काम म्हणाल तर थर्मास. आत १५ कोटी अंशांचा प्लाझ्मा आणि त्याच्यापासून काही मीटरवर चुंबक उणे २६९ अंशांवर, नाहीतर ते सुपरकंडक्टिंग राहणार नाहीत. बाहेरची गरमी चुंबकांपर्यंत जाऊ नये म्हणून हे पूर्ण भांडं आतून निर्वात. आणि निर्वात म्हणजे वेल्डिंगमधून केसाएवढी पण गळती चालत नाही. वेल्डिंगला जाड प्लेट आकसते, वाकते, आणि इथे एवढ्या मोठ्या घेरात काही मिलिमीटरची सूट. ज्याने ह्या लाइनमध्ये हात काळे केलेत त्याला विचारा हे काय असतं. भारत २००५ मध्ये इटरमध्ये आला, आपला वाटा साधारण ९ टक्के, त्यातला बराचसा पैशात नाही तर अशा वस्तूंच्या रूपात. मला तरी वाटतं वीज कधी का येईना, हे करताना जे हाताला वळण लागलं ते गेलेलं नाही.

बडोद्याची_आई · सोमवार, रात्री १०:३०

तुम्ही सगळ्यांनी किती मनापासून लिहिलंत, मी कालपासून मोठ्याने वाचून दाखवतेय. आजोबा, सासूबाईंनी तुमची पोस्ट दोनदा वाचून घेतली, आणि म्हणाल्या की छाणीचा तो कारखाना आपण इतक्या वेळा ट्रेनमधून बघितला आणि आत पाण्याचं निवडण-टिपण चाललंय हे कुणी सांगितलंच नाही.

त्यांचे दोन प्रश्न आलेत, जसेच्या तसे लिहिते. एक, एवढं तापवून शेवटी वीज कशी काढणार? दुसरं, ड्यूटेरियम पाण्यात आहे हे कळलं, पण दुसरं जे भावंड आहे ते कुठून आणणार, त्याबद्दल कुणीच बोललं नाही. आणि माझा रेडिएशनचा प्रश्न तसाच आहे.

प्लाझ्मा_प्रेमी · सोमवार, रात्री ११:५०

आजींनी दुखऱ्या जागेवरच बोट ठेवलं.

वीज कशी, तर शेवटी वाफच. न्यूट्रॉनला भार नसतो, चुंबक त्याला अडवत नाही, तो ८० टक्के ऊर्जा घेऊन थेट भिंतीत घुसतो, भिंत तापते, त्या उष्णतेने वाफ, वाफेने टर्बाइन, वणाकबोरीला कोळशावर चालतं तसंच. हेलियमवर भार असतो म्हणून तो आतच अडकतो आणि त्याची २० टक्के ऊर्जा प्लाझ्माला गरम ठेवते. प्लाझ्माने स्वतःच्या हेलियमवर तापून राहणं हीच इटरची मोठी परीक्षा.

ट्रिटियम मात्र खरंच अवघड. निसर्गात जवळजवळ नाही, कारण त्याचं अर्धायुष्य १२.३ वर्षं, साठवून ठेवलं तरी विरतं. काक्रापारला आहेत तसल्या जड पाण्याच्या अणुभट्ट्यांत ते थोडं थोडं आपोआप तयार होतं, आजोबांच्या ड्यूटेरियमने एक न्यूट्रॉन गिळला की झालं ट्रिटियम. पण जगभरचा नागरी साठा पंचवीस-तीस किलोच्या घरात, आणि हजार मेगावॅटचं फ्यूजन वर्षभर सलग चालवायला ५५ किलो लागतं. म्हणजे बाहेरून आणून चालणारच नाही, भट्टीने स्वतःचं ट्रिटियम स्वतः बनवायला हवं. त्यासाठी भिंतीत लिथियम भरायचं, न्यूट्रॉन लिथियमला लागला की ट्रिटियम आणि हेलियम. एका फ्यूजनमध्ये एक ट्रिटियम खर्च, न्यूट्रॉनही एकच मिळतो, काही न्यूट्रॉन वाया जाणारच, म्हणून शिसं किंवा बेरिलियम घालून न्यूट्रॉन वाढवायचे. हे पूर्ण चक्र अजून कुठेही चालवून बघितलेलं नाही. मला विचाराल तर प्लाझ्मापेक्षाही इथे जास्त माणसं लागणार आहेत.

रेडिएशन. आदित्यमध्ये ट्रिटियम वापरत नाहीत, बहुतेक काम साध्या हायड्रोजनवर चालतं, त्यामुळे भिंत तापवणारे ते जोरदार न्यूट्रॉन तिथे नाहीत. शॉटच्या वेळी क्ष-किरण निघू शकतात, म्हणून त्या वेळी यंत्राजवळ कुणी नसतं, माणसं कंट्रोल रूममध्ये असतात. लेकीची काळजी करू नका. पुढच्या मोठ्या भट्ट्यांत न्यूट्रॉनमुळे स्टील किरणोत्सारी होईल हे खरं, पण योग्य स्टील निवडलं तर ते शतकभराच्या हिशोबात निवतं, युरेनियमच्या कचऱ्यासारखा हजारो वर्षांचा प्रश्न राहत नाही.

बडोद्याची_आई · मंगळवार, सकाळी ७:१५

सासूबाई चहा पिता पिता म्हणाल्या, "म्हणजे विरजणासारखं. रोज दही लावायचं आणि उद्यासाठी चमचाभर मागे ठेवायचं, एक दिवस सगळं संपवलं की झालं." लेक उठून त्यांच्या पाया पडली.

उन्हाळी_छत · मंगळवार, सकाळी ९:००

विरजण! हे मी माझ्या मुलाला सांगणार आहे.

ताई, रात्रभर विचार केला. फ्यूजनच्या विजेवर माझा अजून भरवसा बसत नाही, ते मी बदलून सांगणार नाही. पण लेकीच्या बाबतीत मी थोडं चुकलो असं वाटतं. तिथे जे शिकायला मिळतं, व्हॅक्यूम, क्रायोजेनिक्स, हाय व्होल्टेज, मायक्रोवेव्ह, डेटाचं काम, ते वाया जात नाही. आयपीआरनेच दवाखान्यांचा कचरा प्लाझ्माच्या उष्णतेने नष्ट करायची यंत्रं बनवलीयेत, ती मी एका ठिकाणी बघितलीत. तिला जाऊ द्या. फक्त तिला सांगा की कुणी विचारलं वीज कधी येणार तर तारीख देऊ नकोस, अवघड काय आहे ते सांग. भाभांसारख्या माणसाचीही तारीख चुकली.

मकरपुरा_वाइंडिंग · मंगळवार, सकाळी ९:४०

एकदम बरोबर. आणि ताई लेकीला म्हणावं शक्य झालं तर आदित्यच्या मधल्या कॉइलकडे नीट बघून ये, आमच्या ट्रान्सफॉर्मरला लोखंडाचा कोअर असतो तसा तिथे नाही, एअर कोअर आहे. मला तिच्या तोंडून ऐकायचंय ते कसं दिसतं.

बडोद्याची_आई · तीन आठवड्यांनी, रविवार, रात्री ९:२०

मंडळी, कळवायचं राहून गेलं होतं. लेक छान रमलीये. तिला जुन्या शॉट्सचा डेटा दिलाय, त्यात 'डिसरप्शन' नावाचा प्रकार शोधायचाय, म्हणजे चांगला चाललेला प्लाझ्मा काही मिलिसेकंदांत एकदम कोसळतो, मोठ्या यंत्रात तसं झालं तर भिंतीला आणि कॉइल्सना जबर धक्का बसतो, तर कोसळायच्या आधी सिग्नलमध्ये काही खूण दिसते का ते ती बघतेय. दिवसभर आलेख बघते आणि रात्री फोनवर तेच सांगते. मकरपुऱ्याचे दादा, तिने कॉइलबद्दल विचारलं, म्हणाली मधली कॉइल बाहेरून फारशी दिसतच नाही, सगळीकडून पाइप, केबल आणि खिडक्या, पण एका इंजिनियर सरांनी ड्रॉइंग उलगडून दाखवलं, तुमचा निरोप ऐकून ते फार खूश झाले.

तिला तो प्रश्न मी शेवटी विचारलाच, फोनवरच, चेहरा दिसत नव्हता म्हणून जमलं. ती म्हणाली आई, मी एक खूण शोधून काढली जी पाच मिलिसेकंद आधी दिसते, आणि ती दहा मिलिसेकंद आधी दिसेल असं कुणी केलं, तर तेवढं माझ्यासाठी एका आयुष्याला पुरेसं आहे. मी पुढे काही बोलले नाही.

सासूबाई आता रोज रात्री साडेआठला फोन आपल्या हातात घेतात. कशी आहेस, जेवलीस का, एवढं झालं की त्यांचा ठरलेला प्रश्न, "आज किती वेळ धरला गं?" काल लेकीने शॉट बघायला मिळाला म्हणून ओरडतच सांगितलं, "आजी, दोनशे दहा!" ह्यांनी फोन कानाजवळून बाजूला घेतला आणि आम्हाला सांगितलं, दोनशे दहा झाले, काल एकशे ऐंशी होते.